रविवारची परतीची मॅच होणार

नमस्कार. बसा, सगळे बसा. मला बघून उभं राहू नका. माणसं एकदम उभी राहिली की मला अजून धस्स होतं.

माझी झोप झालेली नाही. आधीच सांगते, म्हणजे मध्येच काही चुकलं तर सांभाळून घ्याल. परवा ग्रुपवर कमिटीचा मेसेज आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. इंग्रजीत होता. शेजारच्या पूजानं वाचून दाखवला. दत्ता पाटील यांच्या दुःखद निधनामुळं आणि खेळाडूंच्या सुरक्षेसाठी दोन गटांमधल्या सगळ्या मॅच बंद. येत्या रविवारची अजमान आणि मुसफ्फाची परतीची मॅच रद्द. आणि त्याच्याखाली नुसते जोडलेले हात. एकामागं एक, एकामागं एक.

मी हात नाही जोडले. मी दादाला फोन लावत बसले. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, संतोष. तिकडं अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या टीमचा गोलकीपर. तो फोन उचलत नाही. वाजतो, वाजतो आणि थांबतो. मी परत लावते. म्हणून झोप नाही.

कमिटीचे साळवी साहेब मघाशी म्हणाले, वहिनी, दोन शब्द बोला, नाही जमलं तरी चालेल. साहेब, जमवते. पण दोन शब्दांत बसणार नाही. मी आठवी शिकलेली बाई. स्टेजवर चढले ती एकदाच, लग्नात, आणि तेव्हा मान खाली होती. आज वर ठेवते. बोलायला अवघड जातंय. तरी बोलते.

इथं काही माणसं नवीन आहेत. यांच्या कंपनीतले आलेत, माझ्या लेकीच्या, आर्याच्या शाळेतल्या मॅडम आल्यात. तुमच्यासाठी सांगते. आमचे हे, म्हणजे दत्ता. अजमानला टाइल्सच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. कोल्हापूरचा माणूस. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड कुठनं आलं असं विचारू नका. तिकडं पेठेपेठेत ते दुधातनंच पाजतात.

आपल्या मराठी मंडळींची इथं फुटबॉलची लीग आहे. आठ टीम. चार इकडच्या, म्हणजे अजमान, शारजा, आणि दुबईतल्या दोन, देरा आणि ही ऊद मेथाची. चार तिकडच्या, अबू धाबीच्या बाजूच्या. तिकडचे जास्त करून वर्कशॉपवाले, कॅम्पवाले, म्हणजे कंपनीच्या कामगार वस्तीत राहणारे. इकडं ऑफिसवाले, दुकानवाले, आणि आमच्यासारखे मधलेअधले. हे दोन गट. आपल्या गटातल्या सगळ्यांशी खेळायचंच. पण पलीकडच्या गटातल्या कुणाशी खेळायचं, किती वेळा खेळायचं, कुठं खेळायचं, हे टाइमटेबल आमचे हे करायचे. त्यांनी पगारी काम जेवढ्या मन लावून केलं नसेल तेवढ्या मन लावून हे केलं. त्यांचे साहेब इथं बसलेत. साहेब, माफ करा हं. खरं तेच बोलते.

मला आधी काही कळायचं नाही. मी म्हटलं, अहो, एवढं डोकं कशाला खाजवता? सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावं की.

म्हणाले, "अगं, थंडी किती टिकते इथं? मार्च सरला की मैदानावर उभं राहवतंय का? सगळ्यांशी खेळायला रविवार पुरत नाहीत."

मी म्हटलं, मग आपापल्यातच खेळा. जवळच्या जवळ.

तेव्हा माझ्याकडं बघितलं यांनी. म्हणाले, "आपापल्यातच राहायचं होतं तर गाव कशाला सोडलं, रूपा?"

मग उठले आणि माझ्या स्वयंपाकघरातनं चार वाट्या आणल्या, चार प्लास्टिकचे ग्लास आणले. खाली मांडले. वाट्या म्हणजे इकडच्या टीम, ग्लास म्हणजे तिकडच्या. एकेक ग्लास एकेका वाटीत ठेवला. म्हणाले, ही बांधलेली मॅच. ही कधी हलायची नाही. हर साली तीच टीम, एकदा आपण त्यांच्याकडं जायचं, एकदा त्यांनी आपल्याकडं यायचं. मग दाखवलं, की आता प्रत्येकाची अजून एक मॅच, ती फिरती. यंदा ह्या वाटीला हा ग्लास, पुढच्या साली त्याच्या शेजारचा, त्याच्या पुढच्या साली त्याच्या शेजारचा. तीन वर्षं गेली की आठातल्या सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडली. आणि बांधलेली ती बांधलेलीच. एक घर कायमचं, बाकीची घरं पाळीपाळीनं.

मी म्हटलं, हे तर आमच्या गावाकडच्या पंगतीसारखं झालं. तर म्हणाले, "तुला कळलं, आणि कमिटीला तीन मीटिंगा लागल्या."

हसा. हसा की. यांना चाललं असतं.

एका साली काय झालं सांगते, शारजाच्या शिंदे भावजींना ठाऊक आहे. यांनी वाट्या-ग्लास मांडून ठेवले आणि आंघोळीला गेले. आमची आर्या आली आणि त्यातला एक ग्लास बाहुलीला चहा द्यायला घेऊन गेली. हे आले, जे दिसलं ते लिहिलं, पाठवून दिलं. चार दिवसांनी शिंदे भावजींचा फोन. "दत्ता, लेका, आमचं तिकडं कुणाशी वाकडं आहे काय? आम्हाला फिरती मॅचच नाही." तोवर तिकडच्या एका टीमचाही फोन. ते तर रुसलेलेच होते. त्यांना वाटलं, इकडच्यांनी आपल्याला वाळीत टाकलं. हे परत वाट्या घेऊन बसले, ग्लास तीनच. सगळं घर शोधलं. ग्लास बाहुलीच्या मांडीवर. हे ओरडले, "मॅच सापडली!" आणि आर्या म्हणते, "पप्पा, इट वॉज माय टी पार्टी!" अजून शिंदे भावजी भेटले की तिला म्हणतात, आमची मॅच दे. हो ना ओ, भावजी?

तक्रारी तर काय, लई. ऊद मेथाच्या नितीनभाऊंना बांधलेली टीम मिळाली ती वेल्डर लोकांची. एकेकाचे खांदे बघा. नितीनभाऊ घरी येऊन म्हणाले, दत्ता, हा अन्याय आहे. शारजाला मऊ टीम बांधलीस आणि आमच्या गळ्यात दगड. दर साली तिथं आमचे पॉइंट जातात. यांनी चहा पुढं केला आणि म्हणाले, "नितीनभाऊ, सासू निवडून मिळते का? मिळाली तिच्यापुढं नीट वागायचं." नितीनभाऊ म्हणाले, मग जावई बदल. तरी यांनी नाही बदललं. आणि गेल्या साली ऊद मेथानं त्या दगडाला हरवलं का नाही? हरवलं. त्या दिवशी हा माणूस नाचला. स्वतःची टीम हरली होती तरी नाचला.

आता ती जेवणाची रीत. ती यांनीच घातली. पलीकडच्या गटाशी मॅच झाली की ज्यांच्या घरी मॅच, त्यांनी जेवण करायचं. आणि जो जिंकला त्यानं वाढायचं. हरलेल्यानं आधी बसायचं. जिंकलेला इंजिनियर असू दे, मॅनेजर असू दे, बादली घेऊन वाकायचं आणि भात वाढायचा. साळवी साहेब, तुम्ही वाढलाय. मी बघितलंय. तुमच्या पांढऱ्या बुटावर रस्सा सांडला होता आणि मुसफ्फाचा तो सोलापूरचा पोरगा म्हणाला, साहेब, बूट पण जेवला. तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

माझं लग्न त्या पंगतीतच जमलं. अजमानला बांधलेली टीम मुसफ्फाची. यांनी दादावर गोल मारला आणि मग त्यालाच वाढायला आले. दादानं बघितलं की हा माणूस कसा वाढतो. एकाला वाटी भरून आणि एकाला नुसता रस्सा, असं नाही. शेवटच्या माणसापर्यंत फोडी पुरवल्या. दादानं त्या रविवारी गावी फोन केला. म्हणाला, "रूपे, मुलगा बघितलाय. आमच्यावर गोल मारतो. बाकी काही खोड नाही." आईनं विचारलं, पगार किती. दादा म्हणाला, ते विचारायचं राहिलं.

अशी माझी सोयरीक. ही मॅच टाइमटेबलात नसती तर मी आज इथं नसते, आर्या नसती. म्हणून मला कुणी सांगू नका की ही जादाची मॅच होती.

आता त्या दिवसाचं सांगते. सगळ्यांना अर्धंअर्धं ठाऊक आहे, आणि अर्ध्यातच लई घोटाळा झालाय.

अजमानची टीम मुसफ्फाला गेली होती. बांधलेली मॅच. आमचे हरले. जेवण झालं. टीम बसनं परत निघाली. हे मागं थांबले, कारण पुढच्या सालच्या फिरत्या मॅचचं दादाशी बोलायचं होतं. दादा म्हणाला, दाजी, मी सोडतो, मला आर्याला बघायचंय. ओळखीच्याची गाडी मागून घेतली. माझ्यासाठी डबा भरून घेतला, सुक्कं मटण. दिवस मावळताना रस्त्यात टायर फुटला. दादानं गाडी कडेला घेतली, व्यवस्थित घेतली. दिवे लावले. खाली बसून टायर काढायला लागला. मागं तो लाल त्रिकोण ठेवायचा असतो ना, तो ठेवायला दादा उठला. तर हे म्हणाले, "पाहुणं, तुमचे हात काळे झालेत. तुम्ही टायर बघा, मी ठेवून येतो."

गेले. मागनं ट्रक आला.

बास. एवढंच आहे. पोलिसांनी पण एवढंच लिहिलं. चूक ट्रकवाल्याची. दादावर काही नाही. पोलिसांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, खलास, म्हणजे झालं, घरी जा.

पोलिसांनी सोडलं. आपण सोडलं नाही.

हो, आपण. मी नाव घेणार नाही. पण अग्नी दिला त्या दिवशी माझ्या मागं कुणीतरी हळूच बोललं, मेहुण्यानं थांबवून घेतलं म्हणून, नाहीतर बसमधनं सुखरूप आला असता. हळू बोललं, पण दादा माझ्या शेजारी होता. त्यानं ऐकलं. माझ्या सासूबाईंनी गावावरनं फोन केला, त्या बोलू नये ते बोलल्या. त्यांचं पोर गेलंय, त्यांना मी काय बोलणार? तरी बोलले. म्हटलं, आई, मला शिव्या द्या, दादाला देऊ नका. त्या रडल्या, मी रडले. फोन ठेवला.

त्या दिवसापासून दादा कॅम्पच्या खोलीत पडून आहे. त्याच्या वरच्या कॉटवर पेशावरचे इम्रानभाई आहेत, ते तेवढे माझा फोन घेतात, मला बाजी म्हणजे ताई म्हणतात. म्हणतात, "बाजी, वो दीवार की तरफ मुँह करके लेटा रहता है. रोटी रखो तो वैसी की वैसी." कामावर जातो. येतो. भिंतीकडं तोंड. परवा त्यानं ग्लोव्हज इम्रानभाईंना देऊन टाकले. म्हणाला, आता मला नको. इम्रानभाई क्रिकेटवाले, ते विचारतात, बाजी, इनका मैं क्या करूँ? मी म्हटलं, भाई, ठेवा. सांभाळून ठेवा.

मी घाबरलेय. हे मी लपवत नाही. मला गाडीची भीती वाटते. आज अजमानहून इथं येताना टॅक्सीत मी आर्याचा हात धरला, तर ती म्हणाली, "मम्मा, यू आर हर्टिंग मी." मला ट्रकच्या आवाजाची भीती वाटते. व्हिसाचं काय, भाड्याचं काय, ह्या पोरीला घेऊन इथं राहायचं का जायचं, ती भीती आहेच. पण त्या सगळ्या भीतीला मी बाजूला सारते रोज सकाळी. एकच भीती सारता येत नाही. ती दादाची. एक माणूस माझा गेला. दुसरा माझ्या डोळ्यांदेखत चाललाय, आणि त्याला कुणी त्रिकोण लावलेला नाही.

आता मला सांगा. ह्या माणसाच्या मोबाइलवर परवा तुमचा मेसेज गेला. मॅच बंद. सुरक्षेसाठी. दत्ताच्या निधनामुळं. त्यानं तो वाचला असेल. त्याला काय ऐकू आलं असेल? त्याला ऐकू आलं, की जाणं चूक होतं. बोलावणं चूक होतं. जेवू घालणं चूक होतं. थांब म्हणणं चूक होतं. तुम्ही मॅच रद्द नाही केली साहेब, तुम्ही माझ्या भावाला दोषी ठरवलं. तुमच्या मनात नव्हतं, मला ठाऊक आहे. पण झालं ते तसंच.

काल मी साळवी साहेबांना फोन केला होता. साहेब चांगला माणूस आहे. रुग्णवाहिकेपासून अग्नीपर्यंत सगळं त्यांनीच धावून केलं, मी विसरणार नाही. साहेब म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठीच करतोय. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं तर मी तोंड कुठं लपवू?" मी रात्रभर त्याच्यावर विचार केला. साहेब, तुम्ही घाबरलाय. मी पण घाबरलेय. पण घाबरलेल्या माणसानं दार लावून घ्यावं का दिवा लावावा?

दिवा लावा ना. चांगली बस करा. जाणाऱ्या टीमच्या सगळ्यांनी एकाच बसनं जायचं-यायचं, कुणी मागं थांबायचं नाही. मॅच सकाळची ठेवा, उजेडात परत या. आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर कुणी रस्त्यावर फिरायचं नाही, कठड्याच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं आणि पोलिसांना बोलवायचं. हा नियम करा. यांच्या नावानं करा. टाइमटेबलाच्या वरती मोठ्या अक्षरात लिहा. मी त्याला हात जोडीन.

पण मॅच बंद? ही कसली सुरक्षा?

माझा भाऊ रोज पहाटे कंपनीच्या बसनं साइटवर जातो. त्याच रस्त्यानं. तुमच्यातले कितीतरी जण रोज अजमान-शारजाहून दुबईला येतात, त्याच रस्त्यानं, त्याच ट्रकच्या मधनं. तेव्हा कुणी म्हणालं का, धोका आहे, उद्यापासून काम बंद? कामाला जायचा रस्ता चालतो. एकमेकांकडं जेवायला जायचा रस्ता तेवढा धोक्याचा?

आणि एक बोलते, राग येईल. येऊ दे. ह्या मॅच काही जणांना आधीपासनंच नको होत्या. लांब पडतं. बस मिळत नाही. पॉइंटचा तोटा होतो. तिकडचे अंगावर येऊन खेळतात. कपडे बदलायला त्यांच्याकडं धड जागा नाही. हे सगळं मी माझ्या घरात, चहा देता देता ऐकलंय. हे जिवंत होते तेव्हा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. भांडायचे, हसवायचे, पण वाटीतनं ग्लास काढू द्यायचे नाहीत. आता हे उत्तर देऊ शकत नाहीत. तर आता यांच्याच नावानं बंद करायचं? इकडं फोटोला हार घालायचा आणि तिकडं त्यांच्या टाइमटेबलावर काट मारायची? असा हार मला नको. काढून न्या तो.

नाही, वहिनी, तुम्ही रडू नका. साळवी वहिनी, तुम्हाला नाही बोलले मी. तुम्ही माझ्याकडं चार दिवस झोपायला होता. पण मी आज नाही बोलले तर कधी बोलणार?

आमच्यात एक रीत आहे, तुमच्यातही असेल. कुणाच्या घरनं डबा भरून आला तर तो रिकामा परत पाठवत नाहीत. काही नसलं तर साखर घालून पाठवतात. त्या दिवशी दादानं माझ्यासाठी भरलेला डबा पोलिसांनी मला आणून दिला. यांच्या पिशवीत होता. झाकण पण हललेलं नव्हतं. मी तो उघडला, बघितला, आणि काय करू कळेना. शेवटी मी आणि पूजा बसलो आणि खाल्लं. हो, खाल्लं. माझ्या भावानं केलेलं होतं, यांनी हातात धरून आणलेलं होतं. फेकवलं नाही. आता डबा घासून ठेवलाय. मुसफ्फानं आम्हाला जेवू घातलं, आता पाळी अजमानची आहे. परतीची मॅच म्हणजे हेच ना? तुम्ही रद्द म्हणता म्हणजे काय? आम्ही जेवून आलो आणि दार लावून घेतलं, असं अजमाननं करायचं? दत्ता पाटलाच्या अजमाननं?

काल अजमानची सगळी पोरं घरी आली होती. खाली मान घालून बसली. मी विचारलं, तुम्हाला काय करायचंय? मग यांच्याबरोबर गोडाऊनला असायचा तो बाळू म्हणाला, "वहिनी, कमिटीनं मॅच नाही म्हटलं तर ग्राउंड मिळायचं नाही." मी म्हटलं, ग्राउंड नाही मिळालं तर आमच्या बिल्डिंगमागं वाळूचं पार्किंग आहे. बाळू म्हणाला, "तिथं गाड्या लागतात." दुसरा म्हणाला, "मग गाड्यांना डिफेन्समध्ये लावू." तेव्हा पोरं इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आणि बाळू उठून म्हणाला, यल्ला वहिनी, चला, रविवारी आम्ही उभे राहतो. पॉइंट मिळो, न मिळो.

साहेब, अजमान उभं राहणार. ते कालच ठरलंय. कमिटीनं त्याला मॅच म्हणायचं का नाही, ते कमिटीनं ठरवावं. मी तुमच्याकडं परवानगी मागायला नाही आले. मी तुम्हाला बोलवायला आलेय. या रविवारी. वहिनींना घेऊन या.

पण समोर मुसफ्फा पाहिजे. आणि मुसफ्फाचे म्हणतात, संतोष येणार असेल तर आम्ही येतो, संतोष नसेल तर आमचाही पाय उचलत नाही. त्यांचं चुकत नाही. सगळं माझ्या भावावर येऊन थांबलंय. त्याला मी बोलवून बघितलं. माझा फोन तो घेणार नाही. मी त्याची बहीण आहे आणि दत्ताची बायको पण आहे, माझं नाव मोबाइलवर दिसलं की त्याला दोन्ही दिसतं. मला कळतं ते. मी गेले असते कॅम्पवर, पण बायकांना आत सोडत नाहीत, आणि तो गेटपर्यंत येत नाही.

म्हणून माझं तुमच्याकडं मागणं आहे.

साळवी साहेब आता म्हणणार होते, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. कार्यक्रमात तसं लिहिलंय. साहेब, नको. माझ्या घरात शांतता पुष्कळ झालीय. दादाच्या खोलीत तर त्याहून जास्त आहे. आणखी दोन मिनिटांची मला नको.

उभं राहायचं तर राहा, पण खिशातनं मोबाइल काढा. संतोषचा नंबर आठही टीमच्या ग्रुपवर आहे. लावा फोन. पूजा माझं हे बोलणं लिहून घेतेय, ती नंतर सगळ्यांना पाठवणार आहे. जे आज आले नाहीत, जे हे उद्या वाचतील, गाडीत वाचतील, कॅम्पच्या कॉटवर पडून वाचतील, त्यांना पण सांगते. वाचून झालं की बाजूला ठेवू नका. माझ्या भावाला फोन करा.

त्याचं सांत्वन करू नका. तुझी चूक नाही असं पण म्हणू नका, ते त्यानं ऐकून सोडून दिलंय. आमचे हे जसं बोलले असते तसं बोला. म्हणा, काय ओ पाहुणं, रविवारी सकाळी अजमानला यायचंय. गोलला तुम्ही आहात. म्हणा, बहिणीनं मटण आणायला सांगितलंय, किती माणसं ते कळवा. नितीनभाऊ, तुम्ही त्याला शिवी दिली तरी चालेल, तुमची शिवी त्याला गोड लागते. शिंदे भावजी, तुम्ही लावा. ज्या कुणी त्या दिवशी माझ्या मागं हळूच बोललं, त्यानं सगळ्यांत आधी लावा.

तो उचलणार नाही. पहिला नाही उचलणार, दहावा नाही उचलणार. तुम्ही थांबू नका. एकाचा बंद झाला की दुसऱ्याचा वाजू दे. त्या भिंतीकडं तोंड करून माणूस किती वेळ पडेल, बघू.

यांना नमस्कार मी आज करत नाही. रविवारी मॅच झाल्यावर करीन.

उचलला, की मला हाक मारा. लावा.